घरातच कोणीतरी खातंय

चूक माझीच होती. ती दुसऱ्या कोणाची तरी आहे असं दाखवायचे सगळे प्रयत्न मी करून पाहिले आहेत. कंपनीची, साहेबांची, मशीनची, अगदी माझा मित्र सुकदेव याच्या फोन स्पीकरवर टाकायच्या सवयीचीसुद्धा. एकही प्रयत्न टिकला नाही. मी एक वाक्य बोललो. ते अर्धं खरं होतं, आणि अर्धं खरं असल्यामुळेच ते एका घरात इतकं खोल रुतलं.

माघ लागला, दिंडोरी रोडने द्राक्षांच्या पिकअप शहराकडे यायला लागल्या, की ते वाक्य माझ्याकडे परत येतं. म्हसरूळच्या रस्त्याला सकाळी अजून स्वेटर लागतो, पण उन्हाला धार आलेली असते. कडेला कॅरेटवर कॅरेट रचून विकणारे बसलेले असतात. खाली सांडलेले मणी, त्यांच्यावर मधमाश्या, आणि चाकाखाली चिरडलेल्या मण्यांचा तो गोड-आंबूस वास. त्या वासाने लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्या तोंडाला कोरड पडते.

घेतो मीही द्राक्षं. पण वरचा थर उचलून खालचे घड बघितल्याशिवाय घेत नाही. परवा विकणारा वैतागला.

"काका, सगळा माल एकसारखा हे. उगा वरखाली करू नका, मणी गळत्यात."

"बघू दे रे जरा."

"तुम्हाला कोणीतरी लय फसवलेलं दिसतंय."

मी हसलो. कोणी कोणाला फसवलं हे त्याला भर रस्त्यात काय सांगणार.

ते वाक्य बोललो त्या हंगामात, काही वर्षांपूर्वी, मी इंटरनेट पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होतो. ऑफिस पंचवटीत. खांबावरून, गच्च्यांवरून काळ्या वायरी ओढून घरोघर नेट द्यायचं आणि ते बंद पडलं की शिव्या खायच्या, असा एकूण धंदा. माझ्याकडे तक्रारींचं टेबल होतं. बाकी सगळी तरुण मंडळी. मी वयाने मोठा, आवाज शांत, त्यामुळे तापलेलं गिऱ्हाईक माझ्याकडे वळवलं जाई. संध्याकाळ झाली की फोन सुरू व्हायचे. साहजिक होतं. सगळं शहर एकाच वेळी घरी येतं आणि एकाच वेळी नेटवर बसतं. आमच्या कंपनीने वरून घेतलेली लाइन तेवढी जाड नव्हती. विकलेलं जास्त, घेतलेलं कमी.

मग साहेबांनी एक सोय करून घेतली. काही घरांतून मोठ्या फाइलींची वाटावाटी चालते. म्हणजे एकाच्या कॉम्प्युटरवरून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरून तिसऱ्याच्या, असे फाइलींचे तुकडे परस्पर जात-येत राहतात. असं घर मशीन बरोबर ओळखायचं, आणि संध्याकाळच्या गर्दीत वाटावाटी चालू असेतोवर त्या घराचं अख्खं कनेक्शन मागे ढकलायचं. आम्ही त्याला 'मागची रांग' म्हणायचो. हा शब्द ऑफिसच्या बाहेर न्यायचा नव्हता. आणि खरी चलाखी पुढेच होती. स्पीड तपासायचं जे पान असतं, त्याला मात्र मोकळा रस्ता ठेवला होता. घरात सिनेमा अडखळतोय, फाइल जागची हलत नाहीये, पण स्पीड तपासला की काटा झरकन पूर्ण उजवीकडे. "बघा, आमच्याकडून तर पूर्ण येतंय," असं म्हणायला मी मोकळा.

यानंतर ते वाक्य यायचं. "तुमच्या घरातच कोणीतरी खातंय. बघा जरा."

हे वाक्य मला कोणी शिकवलं नव्हतं. ते माझं स्वतःचं. असंच एकदा कोणाला तरी बोललो, पलीकडचा माणूस एकदम गप्प झाला, "असं होय," म्हणाला आणि फोन ठेवला. परत त्याचा फोन आला नाही. दुसऱ्यालाही तेच बोललो. तोही गप्प. साहेब म्हणाले, "काय मंत्र आहे हो तुमच्याकडे! या पोरांनाही द्या." मी दिला. नंतर पलीकडच्या टेबलांवरून माझंच वाक्य माझ्याच सुरात ऐकू यायला लागलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

तो मंत्र का चालतो, हे तेव्हाही मला कळत होतं. तोवर माणूस आमच्याकडे संशयाने बघत असायचा. फोन ठेवल्यावर तो मान वळवून घरात बघायला लागायचा. पोरगा कानाला यंत्र लावून काय करतो? वरच्या भाडेकरूला पासवर्ड दिला कोणी? बायको फोन उलटा का ठेवते? संशयाचं फक्त तोंड फिरवावं लागतं, पुढे तो आपल्या पायांनी चालतो.

दिंडोरीकडे आमची थोडी बाग होती. मी शाळकरी असताना वडील थंडीच्या दिवसांत गर्डलिंग करायचे. मणी ज्वारीच्या दाण्याहून जरा मोठे झाले की वेलीच्या खोडाभोवती चाकू गोल फिरवायचा आणि सालीची एक बारीक कडी काढून टाकायची. पानं जे अन्न तयार करतात ते सालीतून खाली मुळांकडे जातं. कडी निघाली की वाट तुटते. अन्न वरच अडतं, आणि मणी टपोरे होतात. जखम पुढे भरून येते, वेल काही मरत नाही. मी वडिलांच्या मागे मागे उकिडवा सरकत त्या ओल्या, पांढुरक्या कड्या गोळा करायचो. एकदा विचारलं, "अप्पा, मग मुळं काय खातात?"

वडिलांनी चाकू न थांबवता सांगितलं, "मुळं काय बाजारात न्यायची हायेत का?"

आई बांधावरून हसली. मीही हसलो. वरून बघणाऱ्याला बाग हिरवीगार होती. खाली मातीत कोणीतरी उपाशी आहे, हे चाकू फिरवणाऱ्यालाच काय ते माहीत.

सुकदेव माझा जुना मित्र. ओझरच्या विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, दंडाने अजून पैलवान, आवाजाने तर आखाडाच. म्हसरूळला त्याचं घर, माझ्या घरापासून चालत जाण्यासारखं. घरात तो, मंदावहिनी, मुलगा योगेश आणि सून रूपाली. योगेश सातपूरला एका कंपनीत पाळीने कामाला. रूपाली कळवणकडची. लग्न होऊन आली तेव्हा बरोबर एक जाडजूड कॉम्प्युटर घेऊन आली होती, आणि मंदावहिनींनी तो शेजारणींना "रुखवत" म्हणून दाखवला होता. चेष्टेत. पण रूपालीने त्या चेष्टेतून काम उभं केलं. ती लग्नाच्या फिल्मा जोडायची. शूटिंग दुसरे करणार, हळदीपासून पाठवणीपर्यंतचा तो सगळा पसारा हिच्याकडे येणार, आणि ही त्यातून बघण्यासारखी फिल्म काढणार.

द्राक्षाचा हंगाम तोच लग्नाचा हंगाम. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ती आतल्या खोलीत बसली होती. पडद्यावर कुठलीशी नवरी रडत होती. आवाज बंद होता. तोंड उघडं, डोळे वाहतायत, आजूबाजूच्या बायका काहीतरी बोलतायत, आणि खोलीत शांतता. रूपाली ते रडणं मागे नेत होती, पुन्हा पुढे आणत होती.

"किती रडवशील तिला?" मी दारातून म्हणालो.

"काका, ही खरं नाही रडत अजून. खरं रडू पुढं येतं, चुलत्याला बघितल्यावर. मी ते शोधतेय." मग उठून तिने माझ्यासाठी खुर्ची ओढली. "ही फिल्म माझी आहे काका. म्हणजे सगळी माझी. आतापर्यंत दुसऱ्यांच्या फिल्मांचे तुकडे जोडले. हिच्या शेवटी माझं नाव येणार."

एका कोपऱ्यात दुसरीच खिडकी उघडी होती. हिरव्या पट्ट्या हळूहळू भरत होत्या. मी त्या ओळखल्या. रोज ऑफिसात आम्ही त्याच पट्ट्यांच्या मागावर असायचो.

"हे काय चालू आहे?" मी विचारलं. मला माहीत असलेली गोष्ट मी तिला विचारली, हे इथे नोंदवतो.

"शूटिंग केलेला दादा मालेगावला, माझी मैत्रीण सटाण्याला, मी इथं. फाइली एवढ्या मोठ्या, की एकट्याने उचलायच्या म्हटलं तर हंगाम संपेल. मग आम्ही तुकडे वाटून घेतो. माझ्याकडे आलेला तुकडा मी तिला देते, तिच्याकडचा ती मला." ती जरा थांबली. "आमच्याकडे कांदे लावायला सावड करतात ना, तसंच. आज सगळ्यांनी तुमच्या वावरात, उद्या सगळ्यांनी आमच्या."

सावड. ऑफिसात या गोष्टीला आमच्याकडे एकच शब्द होता, चोरी. वाटावाटी करणारा म्हणजे सिनेमे चोरणारा, हे आमचं ठरलेलं. तसे होतेही काही. पण मशीन फाइलीच्या पोटात बघत नव्हतं. कोण चोरतंय आणि कोण सावड करतंय, हे त्याला कळत नव्हतं आणि आम्हाला कळून घ्यायचं नव्हतं. मी रूपालीला म्हणालो, "छान, छान." बाहेर येऊन मंदावहिनींनी पुढे केलेली द्राक्षं खाल्ली. तेव्हाच बोललो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. संध्याकाळी हे करू नकोस, सकाळी कर, आमची कंपनी अडवते. एवढंच सांगायचं होतं. माझ्या तोंडात द्राक्ष होतं.

सुकदेवला निवृत्तीनंतर एकच नाद, टीव्हीवर नेट लावून कुस्त्या बघायचा. जुन्या, नव्या, पंजाबातल्या, कुठल्याही. त्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याचा ऑफिसात फोन आला.

"अरे काय नेट देता का चेष्टा करता? पैलवानानं ढाक मारली, वरचा माणूस हवेतच लटकलाय! खालीच येईना!"

मी हसलो. ऑफिसमधली पोरं बघत होती. मी त्याला स्पीड तपासायला लावला. काटा पूर्ण उजवीकडे.

"हे तर पूर्ण दाखवतंय रे."

"मग? आमच्याकडून पूर्ण येतंय." आणि सवयीने, सुरात, पुढचं निघून गेलं, "तुमच्या घरातच कोणीतरी खातंय, सुकदेव. बघ जरा."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग मंदावहिनींचा आवाज, अगदी स्पष्ट, "ऐकलंस का गं? घरातलंच कोणीतरी खातंय म्हणे!"

सुकदेवने फोन स्पीकरवर टाकला होता. त्याची ती सवयच. सगळं घर ऐकत होतं. रूपाली भांडी पुसत होती की कॉम्प्युटरपाशी होती, मला दिसत नव्हतं. दिसत नव्हतं, पण मला कळलं. आपल्याकडे सुनेच्या कानावर 'खाते' हा शब्द कसा पडतो, हे मराठी घरात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. नेटचं खाणं तिथेच थांबत नाही. ते ताटापर्यंत जातं, डब्यांपर्यंत जातं, माहेरापर्यंत जातं.

मंदावहिनी हसत होत्या. सुकदेव हसला. मीही हसलो.

दुसऱ्या संध्याकाळी सुकदेवने सुनेला सांगितलं, आज तुझं ते बंद ठेव, बघू काय होतं. तिने बंद ठेवलं. त्या संध्याकाळी एकही पैलवान हवेत लटकला नाही. सुकदेवला पुरावा मिळाला. मित्र खरं बोलला होता. घरातलंच कोणीतरी खात होतं, आणि ते कोण हेही कळलं.

पुढचं मी थोडं ऐकून, थोडं बघून सांगतो. राउटरची पेटी आतल्या खोलीतून निघून सुकदेवच्या खोलीत, कपाटावर गेली. कुस्त्या संपल्या की तो ती स्वतःच्या हाताने बंद करायचा. रूपाली सकाळी काम करू म्हणाली, तर सकाळी घरात कामं कोण करणार? मग मंदावहिनींना एक वेगळाच प्रश्न पडला. रोज संध्याकाळी मालेगावच्या माणसाला ही पाठवते तरी काय? सुकदेवला तो प्रश्न आवडला नाही, पण त्याने तो पुसूनही टाकला नाही. योगेश पाळीवरून यायचा, जेवायचा, झोपायचा. ज्या घरात आधी फक्त नेट हळू होतं, तिथे आता बोलणंही हळू झालं. एक जण खोलीत आला की दुसऱ्याचं वाक्य अर्ध्यात थांबायचं.

मला बोलावणं आलं ते अशा दिवसांत. "ये रे एकदा. आमच्या सूनबाईचं काहीतरी म्हणणं हाय." मी गेलो. मधे काचेच्या भांड्यात द्राक्षं होती, धुतलेली, पाणी निथळत असलेली. सगळे बसलेले. रूपाली उभी.

"काका," ती म्हणाली, "मी बंद केलं की यांचं चांगलं चालतं, हे खरंय. पण माझं चालू असतानाही मी स्पीड तपासून बघितला, तर पूर्ण दाखवतो. मी खात असते तर तिथंही कमी दिसायला पाहिजे ना? मी सगळं हळू सोडून बघितलं. अगदी थेंब थेंब. तरी अख्खं घर अडतं. म्हणजे मी किती घेते याचा प्रश्नच नाही. मी हे करते, एवढंच कोणालातरी खपत नाहीये." तिचा आवाज चढला नव्हता. "कंपनी मधे अडवते का काका? तुम्ही तिथेच आहात. तुम्ही सांगा."

तिने माझ्याकडे साक्ष मागितली होती. त्या घरात तिच्या बाजूने बोलू शकेल असा दुसरा कोणी नव्हता, आणि मी बोललो तर कोणी नाही म्हणणार नव्हतं. सुकदेवनेही माझ्याकडे पाहिलं. मला आज वाटतं, त्याच्या नजरेत थोडी आशा होती. आपली सून खरी निघावी असं त्यालाही कुठेतरी वाटत असावं.

मी भांड्यातलं एक द्राक्ष उचललं. "कंपनी कशाला अडवेल, बाळा?" मी म्हणालो. "मशीन आहे ते. त्याला काय कळतं कोण काय करतंय."

"बघ," मंदावहिनी म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या कोण जाणे.

रूपाली माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. पडद्यावरच्या त्या नवरीकडे जसं बघायची, खरं रडू कुठे आहे ते शोधत, तसं. मग तिने द्राक्षांचं भांडं उचललं आणि आत नेलं. त्यानंतर त्या घरात तिने नेटबद्दल कोणाला काही विचारलं नाही.

ती फिल्म दुसऱ्या कोणी पूर्ण केली. शेवटी दुसरं नाव आलं. चैत्रात रूपाली माहेरी गेली ती कामापुरती म्हणून, आणि मग तिथेच राहिली. भांडण असं झालं नाही. कोणी विचारलं की मंदावहिनी सांगायच्या, "तिकडं काम हे तिला." योगेश सुट्टीला कळवणला जाऊन यायला लागला.

मी का बोललो नाही? नोकरीची भीती होती, हे खरं. पण तेवढंच सांगितलं तर तेही अर्धं खरं होईल. त्या मित्राच्या घरात मी जाणकार होतो. माझा शब्द शेवटचा होता. तो शब्द खोटा होता असं कबूल करायचं, तेही त्या पोरीसमोर, मला जमलं नाही. पुढे मी ती नोकरी सोडली असंही नाही. एका मोठ्या कंपनीने आमची छोटी कंपनी गिळली आणि माझं टेबलच उरलं नाही. सदसद्विवेकाने मी काहीही सोडलेलं नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

आता मी गिऱ्हाईक आहे. आणि गिऱ्हाईक म्हणून माझ्यासारखा संशयी माणूस शहरात नसेल. भिंतीवरच्या पेटीतला हिरवा दिवा मला डोळा मारल्यासारखा वाटतो. स्पीडचा काटा उजवीकडे गेला की मला आनंद होत नाही, कोणीतरी आपल्याला वरचा थर दाखवतंय असं वाटतं. 'अमर्याद' शब्द वाचला की मर्यादा कुठे लपवली आहे ते शोधतो. या माघात माझ्याही घरी संध्याकाळी नेट अडखळायला लागलं. मी फोन केला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी. तिने मला स्पीड तपासायला सांगितला. पूर्ण. मग ती म्हणाली, "सर, आमच्या बाजूने सगळं ओके आहे. तुमच्या घरातच कोणीतरी जास्त वापरत असेल, एकदा बघून घ्या."

माझंच वाक्य. थोडं धुऊन, इस्त्री करून. माझ्या हातून सुटलेलं ते वाक्य किती टेबलांवरून फिरून परत माझ्या कानाशी आलं होतं कोण जाणे. कदाचित माझं नसेलही. असं वाक्य प्रत्येक कंपनीत कोणाला ना कोणाला सुचतच असेल. पण फोन ठेवला आणि माझी मान आपोआप वळली. स्वयंपाकघरात बायको फोनवर भजन ऐकत लसूण सोलत होती. मी तिच्याकडे बघितलं. किती वेळ ऐकते ही? रोज ऐकते?

"काय हो?" ती म्हणाली. "असं काय बघताय चोराकडं बघितल्यासारखं?"

मी तिच्यासमोर बसून लसूण सोलायला घेतला.

मराठीत 'वाटणं' या शब्दाची मोठी गंमत आहे. आपल्याकडचं दुसऱ्याला देणं म्हणजे वाटणं, आणि मनात काहीतरी येणं म्हणजेही वाटणंच. रूपाली वाटत होती. आम्हाला वाटत होतं. एकाच शब्दात ती कुठे उभी होती आणि आम्ही कुठे, हे त्या संध्याकाळी लसणाच्या सालींकडे बघताना माझ्या ध्यानात आलं.

पुढच्याच रविवारी मी कळवणला गेलो. दिंडोरी मागे पडली, बागा संपल्या, वणीच्या पुढे उन्हाळ कांद्याची वावरं लागली, आणि डाव्या-उजव्या हाताला डोंगर. मी गाडीत शब्द जुळवत होतो. रूपालीच्या आईने दार उघडलं, "कोन शे?" म्हणाली, आणि नाव सांगितल्यावर आत बोलावलं. रूपाली आतून आली. चेहऱ्याने तीच, फक्त चष्मा लागलेला. आतल्या खोलीत दोन पडदे चालू होते. तिची स्वतःची माणसं आहेत आता, काम भरपूर आहे. फिल्मांच्या शेवटी नाव येतं.

मी जुळवलेलं सगळं सांगितलं. मागची रांग, मोकळं ठेवलेलं पान, माझं वाक्य, आणि त्या दिवशी भांड्यातलं द्राक्ष उचलून बोललेलं खोटं. तिने मधे एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर मला हलकं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात ती म्हणाली,

"मला माहीत होतं काका. तेव्हाच माहीत होतं. मला सांगून काय उपयोग?"

मी जायला म्हणून पिशवी उचलली.

"ज्यांनी ऐकलं होतं, त्यांना सांगा." आणि उठता उठता, जरा हसून, "चहा घ्या. साखर कोणी खाल्ली नाहीये."

तो टोमणा मी चहाबरोबर गिळला. परतीच्या रस्त्यावर मला कळत होतं, की जी सोपी होती ती माफी मागून झाली आहे. अवघड ती म्हसरूळला आहे.

काल संध्याकाळी मी सुकदेवकडे गेलो. योगेशची सुट्टी असल्याचं आधी विचारून घेतलं होतं. टीव्हीवर कुस्ती चालू होती. मंदावहिनींनी सवयीने द्राक्षं पुढे ठेवली. मी हात लावला नाही.

"काय रे, उपास का?" सुकदेव म्हणाला.

"टीव्ही बंद कर. आणि रूपालीला फोन लाव."

"आता? कशाला?"

"लाव तर. तुझ्या फोनवरून. आणि नेहमीसारखा स्पीकरवर टाक."

त्याने बायकोकडे बघितलं, बायकोने मुलाकडे. योगेशने उठून टीव्ही बंद केला. सुकदेवने फोन लावला आणि भांड्याशेजारी ठेवला. घंटा वाजत राहिली. रस्त्यावरून कॅरेट भरलेली एखादी पिकअप गेली असावी, खिडकीची काच थरथरली. मग तिचा आवाज आला, थोडा सावध.

"हॅलो? बोला ना आबा."

"आबा नाही, मी बोलतोय," मी म्हणालो. "सगळे इथे बसलेत, सगळे ऐकतायत. रूपाली, या घरातलं कोणी काही खात नव्हतं. तू खात नव्हतीस. मधे आम्ही अडवत होतो, आमची कंपनी, आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू मला याच खोलीत सगळ्यांसमोर विचारलंस, आणि मी सगळ्यांसमोर खोटं बोललो. तू खरी होतीस. मला माफ कर."